कायद्याचे वाचन : डोळ्यांना झेपेल, डोक्यात राहील असे

परीक्षा जवळ आल्या की दवाखान्यात ठरावीक तक्रारी सुरू होतात. डोके दुखते, डोळे चुरचुरतात, मान आखडली, झोप येत नाही, वाचलेले लक्षात राहत नाही. अलीकडे या रांगेत विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी बरेच दिसतात. बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला गेलेली मुले-मुली आहेत, तशी दिवसभर नोकरी करून रात्री एल्‌एल.बी.चे पुस्तक उघडणारी चाळिशीतली मंडळीही आहेत. "डॉक्टर, स्मरणशक्तीचे एखादे टॉनिक लिहून द्या," ही मागणी मात्र सर्वांची सारखीच. असे टॉनिक वैद्यकशास्त्रात नाही. म्हणून या आठवड्यात याच विषयावर बोलू.

ओझे खरोखरच मोठे आहे

पालकांना वाटते, पोरगा पुस्तक घेऊन बसतो, मग अडते कुठे? थोडा हिशेब पाहा. केशवानंद भारती खटल्याचा १९७३ सालचा निकाल तेरा न्यायमूर्तींनी दिला आणि तो सुमारे सातशे पानांचा आहे. पानावर चारशे शब्द धरले, तर पावणेतीन लाखांहून अधिक शब्द झाले. मिनिटाला दोनशे शब्दांच्या वेगाने अखंड वाचले तरी तेवीस तास लागतील, आणि कायद्याचे इंग्रजी या वेगाने वाचून होत नाही. हा फक्त एक निकाल झाला.

त्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या संहितेची ५११ कलमे होती, नव्या संहितेत ३५८ आहेत. खुनाच्या शिक्षेचे ३०२ कलम आता १०३ झाले, फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये गेले. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागू असल्याने विद्यार्थ्याला दोन्ही आकडे डोक्यात ठेवावे लागतात. तेव्हा आपले मूल 'मंद' आहे असा निष्कर्ष घाईने काढू नये.

डोळ्यांची काळजी

जवळचे वाचताना डोळ्यातील लहान स्नायू सतत आवळलेला असतो. शिवाय वाचनात गढल्यावर, विशेषतः मोबाइल किंवा संगणकावर, पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते. त्यामुळे डोळा कोरडा पडतो आणि चुरचुरतो. उपाय बिनखर्चाचा आहे. दर वीस मिनिटांनी मान वर करून निदान वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. खिडकीतून समोरचे झाड दिसत असेल तर उत्तमच. पापण्या मुद्दाम दहा-बारा वेळा मिटाव्यात.

पुस्तक डोळ्यांपासून सव्वा फुटाच्या आसपास असावे. उजेड पानावर पडावा, डोळ्यांवर नव्हे. मंद उजेडात वाचून डोळे कायमचे जातात ही समजूत खरी नाही. परंतु ताण वाढून डोके नक्की दुखते. लांबलचक निकाल मोबाइलच्या छोट्या पडद्यावर वाचण्यापेक्षा महत्त्वाची तेवढी पाने छापून घ्यावीत. चाळिशीच्या आसपास जवळचे अक्षर धूसर होऊ लागले तर लाजू नका, चष्म्याचा नंबर काढून घ्या. डोळे लाल झाले म्हणून औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणू नयेत. काही थेंबांत स्टेरॉइड असते आणि ते दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो.

मान आणि पाठ

गादीवर पालथे पडून वाचणे ही मानदुखीची हमखास वाट आहे. टेबल-खुर्चीच हवी असे नाही. भिंतीला पाठ टेकून, पुढ्यात उतरते डेस्क किंवा पाटावर तिरकी फळी ठेवूनही छान जमते. मुद्दा एवढाच की मान फार वाकू नये. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी उठून पाच मिनिटे अंगणात किंवा गच्चीवर चालावे, खांदे फिरवावेत. संध्याकाळी अर्धा तास भरभर चालणे हा वेळेचा अपव्यय नव्हे. त्याने पाठही मोकळी होते आणि झोपही चांगली लागते.

लक्षात कसे राहील?

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली दाखवून दिले, की पाठ केलेले विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो, पुढे तो मंदावतो. म्हणून उजळणी त्याच दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी एकदा आणि आठवड्याने एकदा करावी. परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी सारे राखून ठेवू नये.

उजळणी करायची कशी, हेही महत्त्वाचे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. तोच उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले. पण आठवड्यानंतर पुस्तक मिटून आठवण्याचा सराव करणारे पुढे गेले. म्हणजे पिवळ्या पेनाने ओळी रंगवण्यापेक्षा पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर लिहून पाहणे अधिक उपयोगी.

निकाल वाचताना चार प्रश्न कागदावर लिहून ठेवा : घडले काय? वाद कशाचा होता? न्यायालयाने काय ठरवले? आणि कोणत्या कारणाने? प्रथम संपादकांनी दिलेला सारांश व शेवटचा आदेश पाहावा, मग या प्रश्नांची उत्तरे शोधत मधला भाग वाचावा. सारांश हा निकालाचा भाग नसतो, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. उत्तरे एका पानात बसली पाहिजेत. जुन्या-नव्या कलमांचा दोन रकान्यांचा तक्ता स्वतःच्या हाताने करावा. मराठी माध्यमातून आलेल्यांनी कायदा आधी मराठीत समजून घ्यावा. भारताचे संविधान मराठीत उपलब्ध आहे. मग इंग्रजी मजकूर निम्मा सोपा होतो.

झोप, चहा आणि गोळ्या

दिवसा वाचलेले पक्के बसण्याचे काम मेंदू झोपेत करत असतो. तरुण व प्रौढ माणसाला सात तासांहून कमी झोप नियमितपणे पुरत नाही. रात्री दोनपर्यंत जागून वाचलेली तीस पाने सकाळी कोरी वाटतात, ती यामुळेच. नोकरी करणाऱ्यांनी जागरणाऐवजी पहाटेचा एक तास आणि रविवारची सकाळ धरावी, मात्र रात्री लवकर पाठ टेकावी.

चहा-कॉफीतील कॅफीन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहानंतरचा कडक चहा झोपेच्या मुळावर येतो. रिकाम्या पोटी चहावर चहा घेतल्याने अ‍ॅसिडिटी होते ती वेगळीच. जागे राहण्याच्या किंवा 'एकाग्रतेच्या' गोळ्या कोणी मित्राने दिल्या तरी घेऊ नका. छातीत धडधड, बेचैनी आणि सवय, हे त्यांचे मोल आहे. डोकेदुखीची गोळीही महिन्यातून दहा दिवसांहून अधिक लागत असेल, तर गोळीनेच डोकेदुखी वाढण्याची शक्यता असते.

सतत थकवा वाटणाऱ्या मुलींनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. शाकाहारी मंडळींत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळते. तिने हातापायांना मुंग्या येतात, विसराळूपणाही येतो. अशा वेळी दोष अभ्यासाचा नसून रक्ताचा असतो आणि तो औषधाने भरून निघतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

नजर एकाएकी कमी होणे, डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखे दिसणे, उलट्यांसह तीव्र डोकेदुखी, हातात मुंग्या येऊन शक्ती कमी वाटणे, यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी दाखवा.

आणखी एक लक्षण घरच्यांनी ओळखायचे आहे. मूल पंधरा दिवस नीट झोपत नाही, जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, 'माझ्याने होणार नाही, मी कशाला आहे' असे म्हणते, तर 'नाटके करू नकोस' म्हणू नका. शेजारी बसा, ऐकून घ्या, एकटे ठेवू नका आणि डॉक्टरांकडे घेऊन या. शासनाची टेलिमानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही विनाशुल्क बोलता येते. एखादा विषय राहिला तर पुढच्या परीक्षेत सुटतो. घरातले माणूस त्याहून कितीतरी मोलाचे आहे.

आजपासून एवढे करून पाहा : वीस मिनिटांनी नजर वर, पाऊण तासाने पाय मोकळे, वाचून झाले की पुस्तक मिटून एक पान लेखन, आणि सात तास झोप. पंधरा दिवसांत फरक जाणवला नाही, तर तपासणीसाठी जरूर या.