घरी पाहावयाची मैफल

मैफल संपली की ती हवेत विरून जाते; उरतात त्या ऐकणाऱ्यांच्या आठवणी. मराठी रंगभूमीचा एक थोर प्रयोग असाच विरून गेला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व व केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी नटश्रेष्ठ खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकात एकत्र उभे राहिले. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. पुढे तीनच महिन्यांत केशवराव निवर्तले. बालगंधर्वांच्या तबकड्या आज ऐकावयास मिळतात, परंतु त्या रात्रीची ती जुगलबंदी मिळत नाही. त्या काळी तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे, आणि चित्रपट तर मुकाच होता!

पन्नास वर्षांनी असाच एक कार्यक्रम झाला. तो मात्र आपणांस आदिलाबादेत घरी बसून पाहता येतो. नोव्हेंबर १९७० मध्ये पूर्व बंगालला भीषण वादळाने झोडपले. १९७१ साली युद्ध पेटले, आणि सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सतारवादक रविशंकर यांचे घराणे मूळचे बंगालचे. त्यांनी आपले शिष्य, 'बीटल्स' या इंग्रज वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन, यांजपाशी ही व्यथा सांगितली. हॅरिसन यांनी बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार अशा नामांकित रॉक कलावंतांना बोलाविले आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे दुपारी व रात्री असे दोन कार्यक्रम झाले. श्रोते एकूण सुमारे चाळीस हजार होते. तिकिटांचे सुमारे २ लक्ष ४३ हजार डॉलर 'युनिसेफ'कडे गेले. परंतु करमाफीची तजवीज आधी केलेली नसल्याने ध्वनिमुद्रिकांचे पुष्कळसे उत्पन्न अनेक वर्षे अमेरिकेच्या करखात्यात अडकून पडले. सत्कार्यासही हिशेबाचे शहाणपण लागते ते असे.

१९७२ साली या कार्यक्रमाचा चित्रपट निघाला. पुढे तो घरी पाहण्याच्या चकतीवरही आला. येथे एक गोष्ट ध्यानी धरावी. दोन्ही कार्यक्रमांचे चित्रण करून त्यांतील निवडक भाग एकत्र जोडलेले आहेत. म्हणजे आपण जी मैफल पाहतो ती, जशीच्या तशी, तेथे बसलेल्या एकाही श्रोत्याने पाहिली नव्हती! शिवाय सभागृहात नजर स्वेच्छेने फिरते. पडद्यावर मात्र कॅमेरा जे दाखवील तेवढेच दिसते. आपल्या स्नेहसंमेलनात भ्रमणध्वनीवर केलेल्या चित्रणातही आपलेच मूल तेवढे सापडते, ते याच न्यायाने.

तरीही या चित्रणात एक अमोल क्षण सापडला आहे. आरंभी रविशंकर, सरोदवादक अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखा आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती बसलेल्या दिसतात. सतारीस वाजविण्याच्या तारांखाली तरफेच्या बारीक तारा असतात. वरचा स्वर छेडला की त्या आपोआप झंकारतात. म्हणून त्या आधी नीट लावाव्या लागतात. सरोदासही तरफा असतात, आणि तबला हातोडीने ठोकून सुरात आणावा लागतो. हे सारे चालू असता दीड-एक मिनिटाने थांबताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटले, वादनच झाले! रविशंकर यांनी हसून त्यांचे आभार मानले, वाद्ये लावणेच इतके आवडले तर वादन त्याहून आवडेल अशी आशा व्यक्त केली, आणि मग 'बांगला धुन' सुरू केली.