क्लार्कबाईंची रात्रशाळा

तुम्ही हे पान वाचत आहात. म्हणजे अक्षरांशी तुमची ओळख झाली आहे. पहिल्यांदा स्वतःच्या हातानं सही केली तो दिवस तुम्हाला आठवत असेल. हात थरथरला असेल, पण मन सुखावलं असेल.

अशीच सही करायला शिकलेल्या माणसांची आणि त्यांना शिकवणाऱ्या एका बाईंची ही हकीगत आहे. ती अमेरिकेत घडली. बाईंचं नाव सेप्टिमा क्लार्क.

अमेरिकेत फार वर्षं गुलामगिरी होती. आफ्रिकेतून काळ्या माणसांना धरून आणत आणि बाजारात जनावरं विकावी तशी विकत. 1865 साली गुलामगिरी कायद्यानं बंद झाली. पण दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्यांचे हाल संपले नाहीत. त्यांच्या शाळा वेगळ्या. बसमध्ये त्यांनी मागं बसायचं. पाणी प्यायचे नळसुद्धा वेगळे. पाणवठा वेगळा असणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कित्येकांना समजावून सांगायला नको.

आणि मत? मताचा हक्क कागदावर सर्वांना होता. पण दक्षिण कॅरोलिना राज्यात नाव नोंदवायला गेलं, की कचेरीतला गोरा कारकून राज्यघटनेचा उतारा पुढं करी. 'वाच' म्हणे. ज्यांना पिढ्यान् पिढ्या धड शाळा मिळाली नाही, ते काय वाचणार? ते खाली मान घालून परत जात. आपल्या देशात पहिल्या निवडणुकीपासून, म्हणजे 1951-52 पासून, अक्षर न येणाऱ्यालाही मत आहे. निशाणी ओळखता आली की झालं. तिथं तसं नव्हतं. ज्याला वाचता येत नाही, त्याला मत नाही. आणि ज्याला मत नाही, त्याला कोण विचारतो?

अशा राज्यात, चार्ल्स्टन शहरात, 1898 साली सेप्टिमाबाईंचा जन्म झाला. वडील गुलामगिरीत जन्मलेले. आई लोकांचे कपडे धुऊन संसाराला हातभार लावी. घर ख्रिस्ती, देवभीरू. पोरीनं शिकावं अशी आईबापांची फार इच्छा. बाई शिकल्या आणि 1916 साली मास्तरीण झाल्या. पण चार्ल्स्टनच्या सरकारी शाळांत काळ्या शिक्षकांना तेव्हा नोकरी देत नसत. काळ्या मुलांच्या शाळेतसुद्धा गोरेच शिक्षक! म्हणून बाई जवळच्या जॉन्स बेटावर गेल्या. तिथं 132 मुलं आणि शिकवायला दोघीजणी. बाईंचा पगार 35 डॉलर. समोरच गोऱ्यांची शाळा. तिथं मुलं तीन, आणि बाईचा पगार 85 डॉलर!

बाई रडत बसल्या नाहीत. चार्ल्स्टनला परत आल्यावर त्या अर्ज घेऊन दारोदार फिरल्या. काळ्या शिक्षकांना शहरातल्या शाळांत घ्या, असं त्या अर्जात लिहिलं होतं. त्यावर हजारो लोकांच्या सह्या झाल्या. 1920 साली नियम बदलला. सहीत किती बळ असतं, ते बाईंनी तेव्हाच पाहिलं.

पुढे त्यांचं लग्न झालं. पहिली मुलगी गेली. मग मुलगा झाला, आणि 1925 साली नवराही गेला. बाई शिकवत राहिल्या आणि स्वतःही शिकत राहिल्या. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या पदवीधर झाल्या. गोऱ्या आणि काळ्या शिक्षकांना सारखा पगार मिळावा, म्हणून चाललेल्या लढ्यातही त्यांनी काम केलं.

मग 1956 साल आलं. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी एक मोठी संस्था होती. बाई तिच्या सभासद होत्या. राज्य सरकारनं कायदा केला, की सरकारी नोकरांनी त्या संस्थेत राहता कामा नये. नाव काढून घ्या, नाहीतर घरी बसा! बाईंनी नाव काढलं नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली. पेन्शनही बुडाली. तेव्हा बाईंचं वय 58 होतं.

बाईंनी 726 काळ्या शिक्षकांना पत्रं लिहिली. आपण सगळे मिळून उभे राहू, असं कळवलं. उत्तरं किती आली? फक्त 26! शिक्षक घाबरले होते. पोटाचा प्रश्न होता. दुसरी कोणी असती तर तिनं लोकांना नावं ठेवली असती. बाईंनी चूक स्वतःकडे घेतली. त्यांच्या ध्यानात आलं, की लोकांची तयारी नसताना आपण त्यांना पुढं ढकललं. आधी माणूस आतून तयार व्हायला हवा. मग तो आपल्या पायांनी उठतो.

ही तयारी कशी करायची? उत्तर जॉन्स बेटावर मिळालं.

बेटावर एसाव जेंकिन्स नावाचा एक धडपड्या गृहस्थ होता. तो बस चालवी आणि कामाला जाणाऱ्या माणसांना रोज चार्ल्स्टनला नेई. जाता जाता बसमध्येच राज्यघटनेचा उतारा त्यांना सांगे. एका बाईनं तर तो उतारा ऐकून ऐकून तोंडपाठ केला. पण तिचं समाधान होईना. ती म्हणे, मला खरोखर वाचता आलं पाहिजे.

तेव्हा सेप्टिमाबाई टेनेसी राज्यातल्या हायलँडर नावाच्या लोकशाळेत काम करत होत्या. तिथं गोरे आणि काळे एकत्र बसून शिकत. या लोकशाळेच्या मदतीनं बेटावर प्रौढांचा वर्ग काढायचं ठरलं. पण जागा कोणी देईना. शेवटी लोकांनी एक जुनी इमारत विकत घेतली. पुढच्या बाजूला सहकारी दुकान मांडलं आणि मागच्या खोलीत वर्ग भरवला. बाहेरच्याला वाटावं, हे नुसतं वाण्याचं दुकान आहे!

7 जानेवारी 1957 ला वर्ग सुरू झाला. हे दिवस मुद्दाम निवडले होते, कारण शेतीची कामं तेव्हा थोडी कमी असतात. शिकणारे 14 जण. शिकवायला बर्निस रॉबिन्सन. या बाईंचा धंदा बायकांचे केस विंचरण्या-सजवण्याचा. त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, की मी काही मास्तरीण नाही, आपण मिळून शिकू. आणि मग विचारलं, तुम्हाला काय शिकायचं आहे?

लोकांनी सांगितलं. नाव लिहायचं आहे. बायबल वाचायचं आहे. मनिऑर्डरचा कागद भरायचा आहे. मतदार यादीत नाव घालायचं आहे.

मग पोरांची पुस्तकं बाजूला ठेवली. जे हवं तेच शिकवायचं ठरलं. पुठ्ठ्यावर माणसाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि त्यावरून त्यानं पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवायची. नांगर धरायची सवय असलेले हात ते! पेन्सिल इतकी घट्ट धरत, की ती मोडून जाई. मोडली तर मोडली, दुसरी घ्या. हिशेबही घरचाच. खत किती, बी किती, त्याला पैसे किती. माणसाच्या हक्कांचा जो जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांनी 1948 साली काढला, तो बर्निसबाईंनी भिंतीवर लावला होता. वर्ग संपेपर्यंत प्रत्येकाला तो वाचता यावा, अशी त्यांची इच्छा होती.

दोन-तीन महिन्यांत माणसं वाचू लागली. कचेरीत गेली, कारकुनापुढं उतारा वाचला, सही केली. यादीत नावं लागली. जिथं खाली मान घालून परत यावं लागे, तिथून ही माणसं मान ताठ ठेवून बाहेर पडली.

मग आजूबाजूच्या बेटांवरही वर्ग निघाले. पण सत्ता असणाऱ्यांना हे खपेना. 1959 साली हायलँडरवर पोलिसांनी छापा घातला. दारू बाळगल्याचा आरोप ठेवून साठी ओलांडलेल्या सेप्टिमाबाईंना अटक झाली. 1961 साली ती लोकशाळा बंद पाडली. पण काम बंद पडलं नाही. दक्षिणेतल्या पाळकांनी उभी केलेली एक मोठी संस्था होती. तिचे अध्यक्ष पाळक मार्टिन ल्यूथर किंग. या संस्थेनं ते काम अंगावर घेतलं आणि बाईंना बोलावलं. बाईंनी गावोगावची माणसं गोळा केली. कोणी शेतकरी, कोणी स्वैपाकीण. मोठ्यानं वाचता आलं आणि नीट लिहिता आलं की पुरे. त्यांना काही दिवस शिकवून परत गावी धाडलं. असे शेकडो वर्ग दक्षिणेत निघाले.

त्या संस्थेतही सगळं गोड नव्हतं. बाईमाणसाचं म्हणणं पुरुष फारसं मनावर घेत नसत. सगळे मोर्चे तुम्हीच का काढता, गावोगावी पुढारी तयार करा, असं पत्र बाईंनी किंगना लिहिलं. बैठकीत ते वाचल्यावर लोक हसले. पण बाईंनी काम सोडलं नाही. 1964 साली किंगना शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं, तेव्हा त्यांच्यासोबत ओस्लोला गेलेल्या मंडळींत बाईही होत्या.

1965 साली मताच्या हक्काचा नवा कायदा झाला. दक्षिणेतल्या राज्यांतली ती वाचनाची परीक्षा बंद झाली. 1976 साली राज्य सरकारनं बाईंची पेन्शन परत सुरू केली. आणि ज्या चार्ल्स्टननं त्यांना कामावरून काढलं, तिथल्याच शाळा-मंडळावर लोकांनी त्यांना निवडून दिलं! 1987 साली, वयाच्या 89 व्या वर्षी, बाई वारल्या.

किंग यांचं नाव जगाला ठाऊक आहे. ते ठाऊक असावंच. पण त्यांच्या मोर्चात चालणारी कितीतरी माणसं आधी एखाद्या मागच्या खोलीत पेन्सिल मोडून, दुसरी घेऊन, आपलं नाव लिहायला शिकली होती.

तुमच्या शेजारी कोणी अजून अंगठा उठवत असेल. आता तुम्हाला वाचता येतं. एखाद्या संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बसा. धडा मागाहून द्या. आधी बर्निसबाईंसारखं विचारा, 'बाबा रे, तुला काय वाचावंसं वाटतं?'