तिसऱ्या गाडीला बाबा उठत नाहीत

सीवूड्स-दारावे स्टेशनच्या बाकावर बसून मी पटकथांची बरीच पानं लिहिली आहेत. डोक्यावर मॉल, समोर पनवेलची गाडी. तिथंच सुचलेल्या एका लघुपटाच्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, ‘बाबा एकटे पडलेत. मुलाची वाट पाहून त्यांचा जीव कासावीस झालाय.’ कॅमेरा सांभाळणाऱ्या मित्रानं वाचलं आणि विचारलं, “अरे, हे शूट कसं करू?”

कादंबरीकार पात्राच्या मनात शिरतो. पटकथाकाराला तिथं मज्जाव असतो. दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच कागदावर उतरवायचं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. त्या मिनिटात कासाविशी दिसणार कुठून?

मी पुन्हा लिहायला बसलो. बाबांच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत ओल्या नारळाच्या करंज्यांचा डबा. गाडी येते. ते उठतात, पिशवीचे बंद सारखे करतात, उतरणारे चेहरे न्याहाळतात. गाडी जाते, ते बसतात. दुसऱ्या गाडीला तेच. तिसऱ्या गाडीला बाबा उठत नाहीत. पिशवीवर नुसता हात ठेवतात. संवाद एकही नाही.

शिकायला येणाऱ्या मुलांना मी संदीप सावंत यांचा ‘श्वास’ पुन्हा पुन्हा दाखवतो. 2004 चा हा चित्रपट. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं ते त्याच्यामुळे. त्यातल्या छोट्या परशुरामच्या डोळ्यांना कर्करोग झालाय. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया हवी, आणि ती झाली की दृष्टी जाणार. इथवर तो एक दुःखद विषय आहे. शस्त्रक्रिया लांबते आणि आजोबा नातवाला घेऊन इस्पितळातून निघून जातात, तिथं त्याची गोष्ट होते. आता आजोबांना काहीतरी हवंय : पोराला जग बघू द्यायचंय, आणि वेळ अगदी थोडा आहे. एरवी आपण ढुंकूनही न पाहिलेल्या रस्त्यावरच्या वस्तू मग प्रेक्षक त्या मुलाच्या डोळ्यांनी, शेवटच्या असल्यासारख्या बघतो. आजोबांना ते बोलून दाखवावं लागत नाही.

विजय तेंडुलकरांनी ‘सामना’त तर एका नाहीशा झालेल्या माणसाच्या नावावर अख्खी पटकथा उभी केली. मारुती कांबळेचं झालं काय, हे मास्तर विचारत राहतो आणि हिंदुरावाची सत्ता डळमळत जाते.

माझ्या लघुपटात चौथ्या गाडीनं मुलगा येतो. बाबांनी तेव्हा काय करावं, यावर मी दोन महिने अडलो होतो. मिठी लिहिली, खोडली. रागाचं एक वाक्य लिहिलं, तेही खोडलं. शेवटच्या खर्ड्यात बाबा डबा उघडतात, एक करंजी आधी स्वतः खातात आणि मग डबा त्याच्यापुढे धरतात.