टेंबलाईचा रुसवा

कोल्हापूरच्या अंबाबाईची थोरवी मी वेगळी सांगायला नको. शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत 'महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभलेले' हे बिरुद मोठ्या अभिमानाने मिरवीत. पण या राजराजेश्वरीलाही वर्षातून एकदा, आश्विन शुद्ध पंचमीला, पालखीत बसून गावाच्या पूर्वेकडील टेकडीवर जावे लागते. कशाला? तर एका रुसलेल्या देवीची समजूत काढायला!

या देवीचे पोथीतले नाव त्र्यंबोली. गावाच्या तोंडी ती टेंबलाई. मराठीच्या मास्तराला हे दुसरे नावच अधिक गोड वाटते, हे ओघाने आलेच.

कथा अशी सांगतात : कोल्हासुराचा वध झाला, पण पुढे कामाक्ष नावाच्या दैत्याने कपिलमुनींचा योगदंड पळवला आणि त्याच्या बळावर अंबाबाईसकट साऱ्या देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकले. तेव्हा त्र्यंबोलीने म्हातारीचे सोंग घेतले, युक्तीने तो दंड हिसकावला, दैत्याला मारले आणि देवांना त्यांची रूपे परत दिली. मग काय, विजयाचा मोठा सोहळा झाला. सगळ्यांना आमंत्रणे गेली. जिने सोडवले, तिलाच बोलवायचे राहून गेले!

आता लग्नकार्यात असली चूक ज्या घरात झाली असेल, त्यांना पुढचे सांगायला नको. टेंबलाई उठली आणि गावाकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. अंबाबाईच्या लक्षात आले, तशी ती लवाजम्यानिशी स्वतः तिच्या दारी गेली. तोच प्रघात आजही चालू आहे. ललितापंचमीला अंबाबाईबरोबर तुळजाभवानीची आणि गुरुमहाराजांची अशा पालख्या टेकडीवर जातात, देवींची भेट होते, छत्रपती घराण्याच्या उपस्थितीत पूजा होते आणि कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो. कोहळ्याची एखादी फोड घरी न्यावी, घरात बरकत येते, अशी समजूत. त्यामुळे ती मिळवण्यासाठी जी झोंबाझोंबी उडते, ती पाहताना देवीसुद्धा क्षणभर आपला राग विसरत असेल.

हा कोहळा मला फार विचारात पाडतो. दुसरी कथा म्हणते, मरताना कोल्हासुराने वर मागितला : या क्षेत्राला माझे नाव राहू दे आणि दरवर्षी माझ्या नावाने कोहळा फुटू दे. म्हणजे एकाच कोहळ्यात बहिणीची मनधरणीही आली आणि शत्रूला दिलेला शब्दही आला. या दोन कथांचा सांधा जुळवण्याच्या खटपटीत मी पडत नाही. बळीच्या जागी कोहळा देण्याची चाल आपल्याकडे जुनीच. कथा तिच्यामागून आल्या असाव्यात, एवढे माझे मत.

पण टेंबलाईचा खरा गोतावळा पाहायचा असेल तर आषाढात यावे. पंचगंगेला नवे पाणी आले की मंगळवारी आणि शुक्रवारी पेठापेठांतून, तालमीतालमींतून लोक निघतात. पुढे पी-ढबाक वाजत असते. मागे मुली आणि सुवासिनी डोक्यावर नव्या पाण्याच्या कळशा घेऊन चालतात, आणि ते पाणी टेंबलाईच्या पायऱ्यांवर ओततात. अंबाबाईला पुरणपोळीचा नैवेद्य. इकडे यात्रेच्या दिवशी गल्लीत बकरे पडते आणि घरोघर मटणाचे वाटे पोचतात. वाटा पोचवताना कुणाचे घर चुकणार नाही याची काळजी मात्र डोळ्यांत तेल घालून घेतात. आमंत्रण चुकल्याचे काय होते, हे या गावाला चांगलेच ठाऊक आहे.

लहानपणी मी आजीला विचारले होते, "इतकी वर्षे अंबाबाई समजूत काढते, तर टेंबलाई तोंड का फिरवत नाही?"

आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, "अरं येड्या, तोंड फिरवलं तर फुडल्या वर्साला थोरली कशापायी यील तिच्या दारी?"