अंगठी गहाण ठेवून उघडलेलं दुकान

1924 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सॅम ॲश या व्हायोलिनवादकानं वाद्यांचं दुकान थाटलं. भांडवलासाठी त्याची बायको रोझ हिनं साखरपुड्याची अंगठी 400 डॉलरला गहाण ठेवली, असं त्या घरात सांगतात. पुढच्या पिढ्यांनी दुकानाची साखळी उभी केली. मे 2024मध्ये, ऐन शंभरीत, त्याच घराण्यानं उरलेली सगळी 42 दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं.

अशा साखळ्यांचे सुगीचे दिवस बीटल्सनंतरचे. घरोघरची पोरं गिटार मागू लागली आणि मॅनहॅटनचा 48वा स्ट्रीट वाद्यांच्या दुकानांनी गजबजला. जिमी हेंड्रिक्स, बॉब डिलन ज्याचे गिऱ्हाईक होते ते 'मॅनीज' तिथलंच. 1999मध्ये सॅम ॲशनं ते विकत घेतलं; दहा वर्षांत त्यालाही टाळं लागलं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गिटार सेंटर 1959 साली हॉलिवूडमध्ये घरगुती ऑर्गन विकायला निघालं आणि वाढत वाढत देशातली सर्वांत मोठी साखळी झालं. घाऊक खरेदीवर मिळणाऱ्या सवलतीपुढे गावोगावच्या लहान दुकानदारांचा निभाव लागेना. 2007मध्ये बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीनं ही कंपनी सुमारे 2.1 अब्ज डॉलरला घेतली. त्यासाठी काढलेलं कर्ज मात्र कंपनीच्याच डोक्यावर बसलं. 2020च्या टाळेबंदीत घरी बसलेले लोक धडाधड गिटारी घेत होते, गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीची विक्री विक्रमी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुमारे 1.3 अब्ज डॉलर कर्जाखालच्या गिटार सेंटरला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. कर्जाचा भार कमी करून घेऊन ते कसंबसं तगलं.

म्हणजे मागणी आटली नव्हती. दुकानाचं गणित फिसकटलं होतं. भाडं, नोकर, भिंतभर टांगलेला माल यांचा खर्च दुकानदाराचा. गिऱ्हाईक तासभर वाजवून बघणार आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवणार. शिवाय टांगलेली गिटार हे जिवंत लाकूड. हवेतला ओलावा वाढला की मान वाकते, तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात, दाबताना नवशिक्याची बोटं सोलवटतात. शंभर हातांच्या घामानं तारा गंजून आवाज बोदा होतो. मानेतली सळई पिळून, नव्या तारा चढवून वाद्य सुरात आणणारा जाणकार माणूस हवाच. त्याचा पगार जड वाटू लागला की दुकानाचं गोदाम होतं, आणि गोदाम म्हणून ते इंटरनेटपुढे कधीच जिंकत नाही.

याचा धडा इंडियानातल्या फोर्ट वेनच्या स्वीटवॉटरकडे आहे. 1979 साली एका फोक्सवॅगन गाडीतल्या ध्वनिमुद्रणापासून सुरू झालेली ही कंपनी आज मुख्यतः ऑनलाइनच विकते. पण तिथे ठरावीक किमतीपुढच्या गिटारीची 55 मुद्द्यांवर तपासणी होते, नेमक्या त्याच नगाचे फोटो टाकले जातात, नेमून दिलेला विक्रेता फोन करून विचारपूस करतो आणि खोक्यात गोड गोळ्यांची पुडीही येते. गल्लीतल्या जुन्या दुकानदाराचा सगळा शिरस्ता तिनं उचलला.

तेव्हा साखळ्या इंटरनेटनं बुडवल्या, हे अर्धंच खरं. किमतीच्या जोरावर त्यांनी लहानांना हटवलं आणि त्याच खेळात त्यांना वरचढ भेटला. तुमच्या गावात वाद्य जुळवून, दुरुस्त करून देणारं दुकान अजून चालू असेल, तर तिथे नुसतं वाजवून परत फिरू नका; निदान तारा तरी तिथूनच घ्या.