भिंतीवरचे गवत

पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांना उन्हाळ्यातली अंबा नदी दिसते. गुडघाभर पाण्याची, गरीब. आम्हा सुधागडकरांना मात्र ती आठवते जुलै १९८९ ची. जांभूळपाड्याला तिने एका रात्रीत होत्याचे नव्हते केले. तिथे धरण फुटले नव्हते, नुसता पाऊस होता. म्हणूनच डोंगराच्या कुशीतला एखादा मातीचा बंधारा दिसला की माझी नजर आधी त्याच्या भिंतीवरच्या गवताकडे जाते.

हसू नका. पाणी माथ्यावरून वाहू लागले की पहिला पहारेकरी गवतच. वाहत्या पाण्यात ते आडवे पडते, मातीवर चटईसारखे अंथरले जाते, आणि मुळांची जाळी ढेकळे धरून ठेवते. दाट, सलग हिरवळ सेकंदाला दोन-तीन मीटर वेगाचे पाणी काही तास सोसते. पण गुरांची एखादी पायवाट, एखादे बोडके ठिकाण, हौसेने लावलेले एखादे झाड पुरते! पाणी तिथे भोवरा धरते.

अमेरिकेत ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर येथे शेतीखात्याच्या संशोधकांनी खरोखरीचे बांध बांधून त्यांवरून पाणी सोडले. नाश तीन टप्प्यांत होतो, असे त्यांनी मांडले. आधी हिरवळ फाटते. मग उघड्या मातीत घळ पडून उभी पायरी तयार होते. शेवटी ती पायरी पाण्याच्या उलट दिशेने, माथ्याकडे सरकत जाते. ती जलाशयाला भिडली की संपले. सरकण्याचा वेग ठरतो मातीवर. योग्य ओलाव्यावर नीट दाबलेली चिकणमाती तासन्‌तास झुंजते, भुसभुशीत रेताड माती पाहता पाहता जाते. भिंत किती वेळ टिकेल, म्हणजे खालची वाडी हलवायला किती वेळ मिळेल, याचे गणित ते यावरून मांडतात.

चिपळूण तालुक्यातल्या तिवऱ्याला तो वेळ मिळाला नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री धरण फुटले, भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसे गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. मंत्रिमहोदयांनी मात्र खापर खेकड्यांवर फोडले. खेकडे बोलत नाहीत, हे सोयीचे!

आपल्याकडची आणखी एक अडचण. परदेशातले आकडे उभ्या, दाट हिरवळीचे. कोकणात मे महिन्यात भिंत पिवळी पडते, उरलेले गुरे खातात, आणि नवे कोंब मूळ धरतात न धरतात तोच मोठा पाऊस येतो. तिवरे फुटले ते जुलैच्या दुसऱ्याच दिवशी. तेव्हा पाहणी करायचीच तर ती पावसाळ्यानंतरच्या हिरव्यागार भिंतीची नको, जूनमधल्या बोडक्या भिंतीची हवी.