चाके, स्पॉयलर आणि वूफर: सजवलेल्या स्पोर्ट्‌स कारचे विज्ञान

कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीत चाके, स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेक आणि स्टिअरिंग यांचा मेळ आधीच बसवलेला असतो. स्पोर्ट्‌स कारमध्ये तो अधिकच काटेकोर असतो. नवी अलॉय चाके, बाहेरची सजावट किंवा मोठी ध्वनियंत्रणा बसवली, की हा मेळ कुठेतरी बदलतोच. इतरांच्या गाड्यांचे रूप पालटून देण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने २०१२ च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोमध्ये ‘अवंती’ ही स्पोर्ट्‌स कार मांडली. तिचे इंजिन रेनॉचे होते आणि ते आसनांच्या मागे बसवलेले होते. अख्खी गाडी नव्याने आखताना प्रत्येक भाग दुसऱ्याशी जुळवून घेता येतो. तयार गाडीत एकच भाग बदलणाऱ्याला ती सोय नसते, म्हणून त्याला आकडेमोड जास्त करावी लागते.

सर्वांत मोठा परिणाम चाकांचा होतो. बहुतेक अलॉय चाके ए३५६ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि जेमतेम ०.३ टक्के मॅग्नेशियम असते. सिलिकॉनमुळे वितळलेला रस साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो. ओतीव चाक सुमारे ५४० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात झटकन थंड करतात आणि मग दीडशे अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. तेव्हा मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होऊन धातू कणखर बनतो. ओतताना आत हवेची पोकळी राहिली, तर तडा तिथूनच सुरू होतो. ठोकून घडवलेल्या, म्हणजे फोर्ज्‌ड चाकात हा धोका फार कमी असतो. त्याची किंमतही त्याच मानाने जास्त असते.

या धातूचे वजन आणखी कमी करण्याचा एक मार्ग नाशिककरांच्या परिचयाच्या वस्तूतून जातो. नाशिकजवळच्या एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रात दगडी कोळसा जळून राख उरते. अशा राखेत सिलिका आणि ॲल्युमिना प्रामुख्याने असतात, शिवाय पाण्यावर तरंगणारे काही पोकळ सूक्ष्म गोळेही असतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मिल्वॉकी विद्यापीठात प्रदीप रोहतगी यांनी अशी राख वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये मिसळून ‘ॲशअलॉय’ नावाचे संमिश्र विकसित केले. वजन आणि खर्च दोन्ही घटवणारे हे संशोधन औष्णिक केंद्रांच्या गावांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे.

ॲल्युमिनियमची घनता २.७, पोलादाची सुमारे ७.८. तरीही अलॉय चाक हलकेच असते असे नाही. १७ इंची शोभिवंत ओतीव चाक १५ इंची पोलादी चाकापेक्षा जड भरू शकते. चाक गाडीबरोबर पुढे सरकते आणि स्वतःभोवतीही फिरते, त्यामुळे त्याच्या कडेवरचे एक किलो वजन वेग घेताना जवळपास दोन किलोंइतका भार टाकते. शिवाय हे वजन स्प्रिंगच्या खाली असते. खड्ड्यात आपटलेले जड चाक आवरायला शॉक ॲब्सॉर्बरला वेळ लागतो आणि तेवढा काळ टायरची रस्त्यावरची पकड सुटते.

चाक मोठे घ्यायचे, तर टायरची भिंत तेवढीच बुटकी हवी. १९५/५५ आर१६ टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर असतो. त्याऐवजी २०५/४५ आर१७ घेतला तर तो ६१६ होतो. फरक एक टक्क्याहूनही कमी. मात्र २०५/५५ आर१७ घेतल्यास व्यास ६५७ वर जातो आणि स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी ताशी १०६ किलोमीटरच्या आसपास पळते. बुटक्या टायरने वळणावर स्टिअरिंग तत्पर वाटते, पण खड्ड्याचा धक्का थेट रिमला बसतो. पोलादी रिम वाकते, ओतीव अलॉय तडकू शकते. म्हणूनच जागतिक रॅलीच्या गाड्याही खडीच्या रस्त्यावर १५ इंची चाके आणि उंच टायर लावतात. १८ इंची चाके डांबरी रस्त्यासाठी राखलेली असतात. बोल्टच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी, आणि चाक किती आत किंवा बाहेर बसते ते सांगणारा ऑफसेट, हेही मूळ चाकाशी जुळावे लागतात. चाक फार बाहेर आले तर बेअरिंगवर ताण वाढतो.

बाहेरच्या सजावटीत विज्ञान कमी आणि हौस जास्त. मागच्या पंखाचा खाली दाबणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २०० किलोमीटर वेगाला ३८ किलोंइतका दाब देणारा पंख ८० च्या वेगाला जेमतेम ६ किलोंचा दाब देतो. शहरात त्याचा उपयोग दिसण्यापुरताच आहे.

ध्वनियंत्रणेत मात्र नीट आकडेमोड लागते. १,००० वॉटचा ॲम्प ६० टक्के कार्यक्षमतेने पूर्ण ताकदीवर चालला, तर १३.८ व्होल्टला सुमारे १२० अँपिअर ओढतो. लहान गाडीचा अल्टरनेटर एवढे देऊ शकत नाही. त्यामुळे खोक्यावरचा क्षणिक ‘पीक’ आकडा सोडून सलग शक्ती सांगणारा आरएमएस आकडा पाहावा, वायर जाड घ्यावी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा. आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी जवळपास दहापट शक्ती लागते. म्हणून वॉट वाढवत बसण्यापेक्षा दाराच्या पत्र्याला कंप शोषणारी शीट लावणे स्वस्त आणि गुणकारी पडते. ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत चालतो. १०० डेसिबलला सुरक्षित मर्यादा १५ मिनिटांची.

कायद्याची चौकट अरुंद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात (आरसी) नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. केलेला बदल विमा कंपनीलाही कळवावा लागतो. तो लपवला तर अपघातानंतरचा दावा अडकू शकतो.